लखलखबाबांचा तारा

बंद पडलेल्या थिएटरच्या आवारात त्या संध्याकाळी मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. एके काळी जिथे स्कूटर लागायच्या तिथे माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, तिकीटखिडकीच्या कट्ट्यावर पोरं चढली होती आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वर झाल्या होत्या. सूर्य नुकताच बुडाला होता. पाण्याच्या टाकीच्या वर, जिथे काल काहीच नव्हतं, तिथे एक ठसठशीत पांढरा तारा चमकत होता. माझ्या शेजारच्या बाईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. तारा जागेवरच होता.

"बाळांनो," लाउडस्पीकरमधून आवाज आला, "तारा जन्मायला लाखो वर्षं लागतात असं शाळेत शिकवतात. आम्ही एका रात्रीत लावला. आता ठरवा, शाळा मोठी की आम्ही."

शाळा माझी. मी तिथे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचं मिरवायचं नाव प्रकाशदाते. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र त्यांना लखलखबाबा म्हणत, कारण अंगरखा जरीचा, खुर्चीभोवती दिव्यांच्या माळा आणि पुढचे दोन दात सोन्याचे. बाबा हसले की पहिल्या रांगेचे डोळे दिपायचे.

मग त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. बाबांनी वर बोट केलं आणि म्हणाले, "माई, तुझी लेक आम्ही कुठे ठेवली ते बघ."

सगळं आवार हुंदक्यांनी भरलं. माझी बहीण हसत होती आणि रडत होती. लेक गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला त्या माणसाचा जितका राग आला, तितका ती पोर गेली त्या दिवशीही आला नव्हता.

पोरीला आम्ही चिमणी म्हणायचो. तिला लहानपणापासूनचा मधुमेह होता. तिचं शरीर इन्सुलिन तयारच करत नव्हतं, म्हणून ते रोज बाहेरून द्यावं लागे. चिमणी सुईला घाबरत नव्हती; स्वतःच टोचून घ्यायची आणि वर आईची समजूत काढायची. माझी बहीण गणवेश शिवण्याच्या कारखान्यातून कॉलर घरी आणून शिवते, नवरा जहाजावर, घरी येतो तेव्हा पाहुण्यासारखा. एकट्या बाईला कुणीतरी थिएटरात नेलं. बाबांनी सांगितलं की सुयांनी देहाला भोकं पडतात आणि त्यातून प्रकाश गळतो. सुया बंद करायच्या, आणि रात्रभर दिव्यापाशी ठेवलेलं पाणी पाजायचं. मी ओरडेन म्हणून तिने मला काही कळू दिलं नाही. मला फोन आला तो दवाखान्यातून. पोरीचा श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता आणि त्याला नासक्या फळासारखा वास येत होता. डॉक्टरांनी शर्थ केली. नंतर त्या डॉक्टरीणबाई जिन्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की दोन दिवस आधी आणली असती तर वाचली असती.

माझी बहीण त्यानंतरही बाबांकडे जात राहिली. लोकांना याचं नवल वाटतं, मला वाटलं नाही. बाबा खोटे ठरले असते तर पोर कुणाच्या हातून गेली, या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःलाच द्यावं लागलं असतं.

मी क्षमाशील बाई नाही. त्या माणसाचं नुसतं वाईट होऊन मला पुरणार नव्हतं. ज्या लोकांपुढे तो देव झाला त्यांच्यासमोरच त्याचं हसं व्हायला हवं होतं. आणि त्या संध्याकाळी त्याने स्वतःच माझ्या हातात दोर दिला.

कारण तो तारा मला दुपारपासून माहीत होता. जगभरातले आकाशवेडे लोक रात्री आकाशाचे फोटो काढतात आणि कालच्या फोटोत नसलेला ठिपका आज दिसला की एकमेकांना कळवतात. तो निरोप कुणालाही फुकट मिळतो, फक्त त्यासाठी आधी नाव नोंदवून ठेवावं लागतं. मला तो मधल्या सुट्टीत, डबा उघडताना मिळाला: नवतारा, नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका तेजस्वी. बाबांनी भक्तांना संध्याकाळी आकाशाकडे बघायला सांगितलं ते त्यानंतर, चार वाजता. दिव्यदृष्टी म्हणतात ती ही. त्यांचा भाचा लग्नाचे व्हिडिओ काढायचा, दिवसभर फोनला चिकटलेला असायचा. त्याच्या नजरेतून असं काही सुटणं कठीणच.

मी उठून सगळ्यांना हे सांगू शकले असते. लोकांनी मला हात धरून बाहेर काढलं असतं आणि बहिणीने पुन्हा तोंड पाहिलं नसतं. मी वेगळं केलं. हात वर केला, आवाज होईल तेवढा मऊ केला आणि विचारलं, "बाबा, हा तारा कायम राहील ना? माझ्या बहिणीला एवढंच ऐकायचंय."

मास्तरीण शरण आलेली पाहून बाबा फुलले. दोन्ही हात पसरून म्हणाले, "जोवर आमचा श्वास, तोवर हा प्रकाश."

टाळ्या थांबेनात. शेजारच्या चष्मेवाल्या बाईने माझा हात मायेने दाबला. मी खाली बसले. नवतारा किती दिवसांचा पाहुणा असतो हे त्या आवारात मला एकटीला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य फ्लेक्सवर छापून थिएटरच्या दर्शनी भिंतीवर लागलं, बाबांच्या दातांसकट. शाळेत जाता-येता मी ते वाचायचे आणि मला बरं वाटायचं.

तारा मंदावू लागला. पहिल्यांदा बाबा म्हणाले, हवेत धूळ आहे. मग म्हणाले, ज्यांची नजर मळलेली त्यांना कमी दिसतो. लगेच सगळ्यांना झकास दिसायला लागला. पण डोळ्यांना तरी किती दामटणार? टाकीच्या वर बघून लोक एकमेकांकडे बघू लागले, आणि मी उत्सवाच्या तयारीला लागल्यासारखी वाट बघू लागले.

आणि मग त्या माणसाने ते केलं, जे माझ्या हिशेबात नव्हतं. भर सभेत त्याने माझ्या बहिणीकडे बोट दाखवलं. म्हणाला, दिवा आम्ही लावला, पण आई घरी बसून आसवं गाळते, त्या पाण्याने तो विझत चाललाय. हिची श्रद्धा कमी पडतेय.

हे मला कारखान्यातल्या बायकांकडून कळलं. मी तिच्या घरी गेले तेव्हा मशीनपाशी कॉलरचा ढीग तसाच पडला होता. चूल थंड. फ्रिजच्या दारात चिमणीच्या इन्सुलिनची डबी अजून होती. बहीण गच्चीवर बसली होती, अन्नपाणी सोडून, तारा विझत चाललेल्या आकाशाकडे डोळे ताणून. डोळे कोरडे ठणठणीत. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"ताई, ती पुन्हा चाललीय," ती म्हणाली. "या वेळीही माझ्यामुळेच."

मी दुसऱ्यासाठी पुरलेला सुरुंग माझ्याच घरात फुटला होता. तारा विझेल हे मला माहीत होतं; विझताना तो कुणाच्या काळजातून जाईल याचा विचार मी केला नव्हता. मी तिथल्या तिथे सगळं सांगायला सुरुवात केली. तिने कानांवर हात ठेवले. खाली जाऊन मी भात टाकला, तो तिने खाल्ला नाही.

इकडे थिएटरवर नवा फ्लेक्स लागला: बाबा तपोबलाने तारा पुन्हा प्रज्वलित करणार, पुढचे तीन दिवस, फक्त आवारात दर्शन. ती फक्त आवारात ही ओळ वाचून मी रस्त्यातच थांबले. तारा काय भाड्याने जागा घेऊन राहतो?

पहिल्या संध्याकाळी बहीण तयार होऊन निघाली तेव्हा मी दारात उभी होते. मी बाबांविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हटलं की तो तारा तुझी लेक असेल तर आमच्या शाळेच्या गच्चीवरूनही दिसेल. आकाश काही थिएटरच्या आवारापुरतं नाही. गर्दीत उभं राहण्यापेक्षा तिथून निवांत बघू. ती चपला घालून माझ्यामागून आली.

शाळेची गच्ची थिएटरपासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. अंधार पडायला लागला तसा लाउडस्पीकरचा घोष तिथवर ऐकू येऊ लागला. मग एकदम मोठा कल्लोळ उठला: प्रकटला, प्रकटला. बहिणीने मान झटक्यात वर केली. नवताऱ्याच्या उजवीकडे एक ओळखीचा लालसर तारा आहे, तो तिला आता पाठ झाला होता. त्याच्या डाव्या अंगाला काहीच नव्हतं. मी तिला शाळेची दुर्बीण दिली. पुष्कळ शोधल्यावर तिला तिथे एक पुसट, तांबूस ठिपका सापडला. आणि खाली, भलत्याच दिशेला, थिएटरच्या छपरावर एक पांढराशुभ्र दिवा टांगल्यासारखा हवेत तरंगत होता.

ती कधी इकडे, कधी तिकडे बघत राहिली. लाउडस्पीकर गर्जत होता, लोक रडत होते. तिने दुर्बीण खाली केली.

"तो दिवा आहे," ती म्हणाली. मग तिने बोट वर केलं आणि विचारलं, "आणि हा वरचा?"

तेव्हा मी तिला सांगितलं. तिथे एक नाही, दोन तारे आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. त्यातला एक म्हातारा. त्याचं जळण संपलं, तो आकसत आकसत पृथ्वीएवढा झाला, पण वजन जवळपास सूर्याएवढंच राहिलं. त्याला श्वेतबटू म्हणतात. त्याची ओढ इतकी जबर की शेजारच्या ताऱ्याच्या अंगावरचा हायड्रोजन तो ओढून घेतो आणि स्वतःभोवती थरावर थर चढवतो. थर वाढला की तळाशी दाब वाढतो, ताप वाढतो. कुकर तापला की शिट्टी होते, वाफ जाते, कुकर फुटत नाही. तसाच साधा वायू तापला की फुगतो आणि फुगला की निवतो. पण या थराच्या तळाशी इतकी दाटी झालेली असते की तो तापला तरी फुगत नाही. म्हणजे शिट्टी अडकलेला कुकर. मग हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं, त्याने आणखी ताप, आणखी तापाने आणखी वेग, आणि शेवटी तो सगळा थर स्फोटाने बाहेर फेकला जातो. त्याचा उजेड आपल्याला दिसतो आणि आपण म्हणतो, नवा तारा आला. फेकलेला वायू पसरतो, विरतो, उजेड ओसरतो. आतला म्हातारा शाबूत असतो. तो पुन्हा शेजाऱ्याचा माल ओढायला बसतो.

"म्हणजे नवा नाहीच?"

"नाही. आधीपासून होता, फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नव्हता."

"हे झालं कधी?"

मी सांगितलं की तो इतका दूर आहे की तिथून निघालेला उजेड इथे पोचायला काही हजार वर्षं लागली. तो स्फोट झाला तेव्हा तू नव्हतीस, मी नव्हते, बाबाच्या खापरपणजोबाचाही पत्ता नव्हता.

ती हिशेब करत बसली. शिवणारी बाई आहे, माप चुकत नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग चिमणी कुठेय, ताई?"

भौतिकशास्त्रात याचं सोपं उत्तर आहे, आणि ते तोंडातून काढण्याइतकं अवघड मला आजवर दुसरं काही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "चिमणी नाहीये गं."

ती वाकली आणि रडली. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. मी तिला धरून बसले आणि तिला सांगत राहिले की रड, तुझ्या रडण्याने कुठलाही तारा विझत नाही.

घरी आल्यावर तिने पोटभर खाल्लं. खाता खाता विचारलं की हे लोकांना कसं दाखवायचं, सगळे काही तुझ्या गच्चीवर मावणार नाहीत. मी तिला लहानपणीच्या चांदोबाची आठवण करून दिली. आपण चालायचो तसा तो आपल्याबरोबर चालायचा, कारण तो फार लांब आहे; रस्त्याकडेचा दिवा मात्र मागे पडायचा. तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "बास. कळलं."

दुसऱ्या संध्याकाळी ती पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्यामागे. तारा प्रकटला, कल्लोळ झाला. बाबांनी तिला पुढे बोलावलं, लोकांना दाखवायला, की बघा, आईची श्रद्धा परत आली तशी लेकही आली. ती गेली आणि तिने माइक मागून घेतला. दुःखी आईला नाही कोण म्हणणार?

"सगळ्यांनी एक करा," ती म्हणाली. "माझ्या लेकीला माझ्याबरोबर फिरायला आवडायचं. तिला घेऊन आपण कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. तारा आपल्याबरोबर येईल, चांदोबा येतो तसा."

बाबांच्या चेहऱ्यावरचा लखलखाट क्षणभर गेला. दर्शन आवारातच घ्यायचं असतं, असं काहीतरी ते बोलू लागले, पण ती चालायलाही लागली होती. मेलेल्या पोरीला फिरायला न्यायला निघालेल्या आईला अडवायचं कुणी? लोक उठले. फाटकातून ती गर्दी रस्त्यावर सांडली आणि माना वर करून चालू लागली.

पहिल्या काही पावलांत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पिठाच्या गिरणीपाशी पोचल्यावर पुढची माणसं मान वळवून बघू लागली. बापाच्या खांद्यावर बसलेली एक लहान मुलगी म्हणाली, "बाबा, तारा मागेच राहिला." आणि खरंच राहिला होता. टाकी एका बाजूला, तो ओळखीचा लालसर तारा आमच्याबरोबर चालत आलेला, आणि बाबांचा तारा थिएटरच्या छपरावर, एकटाच, आमच्या पाठीमागे. गर्दी थांबली. त्या शांततेत एक बारीक घूंऽऽ असा आवाज ऐकू येत होता, जो आवारात लाउडस्पीकरखाली कधी ऐकू आला नव्हता.

मग तारा खाली येऊ लागला. थोडा डुलला, थिएटरच्या गच्चीच्या कठड्याला टेकला आणि विझला. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या ड्रोनची बॅटरी तेवढीच चालते. काळ्या पाटीवर लावलेला पांढरा दिवा आणि खाली प्रोजेक्टरच्या खोलीत बसून तो चालवणारा भाचा, एवढाच चमत्कार. ड्रोन बरोबर टाकीच्या वर दिसे तो फक्त आवारातल्या माणसांना. म्हणून दर्शन आवारात.

प्रथम कोण हसलं माहीत नाही. हसू गिरणीपासून मागे पसरत गेलं, आणि ते भलं हसू नव्हतं. मला जे हवं होतं ते हेच. मी मनसोक्त हसले. चष्मेवाली बाई हसत नव्हती. तिने आपल्या नवऱ्याच्या दम्याचा पंप बाबांच्या सांगण्यावरून फेकून दिला होता, आणि ती घराकडे पळत सुटली.

माझी बहीणही हसत नव्हती. ती परत थिएटरात गेली, पडद्यामागच्या खोलीत. लोकांनी तिला वाट दिली, मी मागोमाग होते. बाबा जरीचा अंगरखा काढून बनियनवर बसले होते. समोर टेबलावर पाण्याचा तांब्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, अर्धी संपलेली. बहिणीने ती उचलली, मागेपुढे करून वाचली.

बाबा म्हणाले, "माई, तुझी श्रद्धाच..."

"श्रद्धा पुरेपूर होती," ती म्हणाली. "म्हणूनच ती गेली." आतापर्यंत तिने या माणसाला आपण म्हटलं होतं. तिने एक गोळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "घे. तू चुकवू नकोस."

तिथून ती सरळ पोलीस ठाण्यात गेली. आपण सुया कुणाच्या सांगण्यावरून आणि कधी बंद केल्या, हे सगळं तिने सांगितलं. स्वतःचा भागही लपवला नाही. खटला चालू आहे. बाबांचे वकील म्हणतात, ड्रोन हे प्रतीक होतं. बाबा जामिनावर आहेत, आणि अजूनही थोडे लोक त्यांच्याकडे जातात. त्यांना शिक्षा होईल त्या दिवशी मी न्यायालयात पहिल्या बाकावर बसणार आहे. सूड पुरा झाला का, असं मला विचारतात. नाही झाला. पोर गेलीय आमची.

पण बहीण सुडापाशी थांबली नाही. ज्यांनी ज्यांनी बाबांच्या नादाने औषधं सोडली त्यांच्या घरी ती कॉलरची थैली घेऊन जाते, बसते, आणि औषध घेतलेलं बघितल्याशिवाय उठत नाही. वाद घालत नाही. वाद मी घालते, म्हणून तुम्हालाही सांगते. आकाशात काही नवं दिसलं तर हात जोडायच्या आधी ते काय आहे आणि कशाने झालं हे विचारा. उत्तर शोधणारी माणसं आहेत आणि ती फुकट सांगतात. एखादा चमत्कार एकाच जागेवरून दिसत असेल तर उठून दहा पावलं चाला. आणि चालू असलेलं औषध बंद करायला डॉक्टर सोडून कुणीही सांगितलं, मग तो आकाशातला तारा का काढून दाखवेना, तर ते बंद करू नका. पोराला आधी सुई द्या. बाकीचं नंतर बघू.